गाठ दिसतेय, मग लगेच का काढायची नाही?

ऐरोलीच्या एका वडिलांचा प्रश्न आहे. मुलगा साडेतीन वर्षांचा. महिन्याभरात दोनदा शू लालसर झाली, घरच्यांना वाटलं बीट खाल्लं असेल. मग तो कुंथायला लागला, थेंब थेंब व्हायला लागली. सोनोग्राफीत लघवीच्या पिशवीच्या तोंडाशी तीन सेंटिमीटरची गाठ दिसली. दुर्बिणीतून तुकडा काढला, रिपोर्ट आला ‘एम्ब्रायोनल ऱ्हॅब्डोमायोसार्कोमा, बोट्रिऑइड प्रकार’. एका सर्जननी सांगितलं, आधी तीन महिने केमो, मग ठरवू. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, पुढच्या मंगळवारी पिशवी काढून टाकू, विषय संपेल. घरात आजी आणि मोठे काका म्हणतात, विषाची परीक्षा कशाला बघता, काढून मोकळे व्हा. वडील विचारतात: गाठ समोर दिसतेय, तर ती तीन महिने पोराच्या पोटात ठेवायची कशासाठी?

आधी उत्तर देतो, मग कारणं. तुम्ही लिहिलंय ते तसंच असेल, गाठ पिशवीच्या बाहेर पसरलेली नसेल आणि रिपोर्ट पक्का असेल, तर मंगळवारचं ऑपरेशन करू नका. पहिले सर्जन बरोबर सांगताहेत. मी मुलाला पाहिलेलं नाही, एमआरआय पाहिलेला नाही, त्यामुळे पुढचं सगळं त्या मर्यादेत वाचा. पण या जातीच्या आणि एवढ्या गाठीसाठी पहिलंच पाऊल म्हणून अख्खी पिशवी काढणं, हे आज कुठल्याही ट्युमर बोर्डासमोर, म्हणजे कॅन्सरच्या सगळ्या डॉक्टरांच्या एकत्र बैठकीत, टिकणार नाही.

काकांचं म्हणणं मला समजतं. आपल्याकडे पिशवीचा कॅन्सर म्हटला की विडी-तंबाखूवाले साठीचे आजोबा डोळ्यांसमोर येतात. त्यांची गाठ पिशवीच्या आतल्या अस्तरातून उगवते आणि खरोखरच आधी खरवडून काढतात. तुमच्या मुलाची गाठ त्या कुळातली नाही. गर्भात ज्या पेशींनी पुढे स्नायू व्हायचं असतं, त्यांतल्या काही अर्धवट राहून बेफाम वाढायला लागतात, ती ही गाठ. डोळ्याच्या खोबणीत, नाकामागे, हातापायात कुठेही होते, आणि लघवीच्या मार्गातही. पाच वर्षांखालच्या मुलांच्या पिशवीत कॅन्सरची गाठ सापडली तर बहुतेक वेळा हीच निघते. या पेशी भराभर वाढतात, आणि भराभर वाढतात म्हणूनच केमोला मऊ पडतात. आजोबांची गाठ औषधाला इतकी बधत नाही. दोघांच्या उपचारांची तुलनाच करू नका.

‘बोट्रिऑइड’ हा शब्द ग्रीक भाषेतल्या द्राक्षांच्या घडावरून आलाय, आणि दुर्बिणीतून पाहिलं की नाव ठेवणाऱ्याला दाद द्यावीशी वाटते. या वयाच्या मुलासाठीची दुर्बीण साधारण तीन मिलिमीटर जाडीची असते, बॉलपेनच्या रिफिलएवढी. ती आत गेली, सलाइन सोडलं, की पडद्यावर आधी गुलाबी भिंत दिसते, तिच्यावर केसांसारख्या बारीक रक्तवाहिन्या. मग तोंडाशी येतो तो घड: फिकट, ओलसर, साबुदाणा भिजून फुगावा तसे पारदर्शक मणी, देठाला लटकलेले, पाण्याच्या धारेबरोबर हलणारे. लघवी करताना हाच घड तोंडावर येऊन बसतो, म्हणून तुमचा मुलगा कुंथतो. मुलींमध्ये तर कधी कधी तो मणी शूच्या जागेतून बाहेर डोकावतो आणि आई घाबरून घेऊन येते. आम्ही त्या घडातून चिमट्याने चार-पाच दाणे घेतो. एक-दोन तुकड्यांवर भागवायचं नाही, कारण वरचे दाणे नुसते सुजेचे असू शकतात आणि खरी पेशी खाली देठाशी लपलेली असते.

आता पिशवीचा आकार लक्षात घ्या. मुलांच्या पिशवीत किती मावतं याचा आमचा ढोबळ हिशोब आहे: वय अधिक एक, गुणिले ३०. साडेतीन वर्षांना १३५ मिलिलिटर होतात. स्टेशनबाहेरच्या दीड-दोन कटिंग चहा. त्यात छोट्या लिंबाएवढी गाठ, आणि तीही तळाला. वरच्या घुमटाला असती तर गोष्ट वेगळी होती. तळाच्या त्रिकोणात दोन्ही मूत्रपिंडांकडून येणाऱ्या नळ्या उघडतात, तिसऱ्या कोपऱ्यातून लघवी बाहेर जाते, खाली प्रोस्टेट आणि लघवी धरून ठेवणारा झडपेसारखा स्नायू असतो. इथली गाठ आज ‘निरोगी पट्टीसकट’ काढायची म्हटलं तर पिशवी, प्रोस्टेट, मूत्रमार्गाचा वरचा भाग असं सगळं एकत्र काढावं लागतं. दुसरे सर्जन ‘पिशवी काढू’ एवढंच म्हणाले असतील, पण साडेतीन वर्षांच्या मुलात त्या दोन शब्दांचा अर्थ एवढा होतो.

आणि हे सगळं करून पाहिलेलं आहे. १९६०च्या दशकात हीच रीत होती. गाठ दिसली की पिशवी, प्रोस्टेट, लागलं तर मोठ्या आतड्याचा शेवटही काढायचा. त्यातली काही मुलं जगली, पण कशी जगली हे आमच्या शिक्षकांनी पाहिलंय. व्हिन्क्रिस्टीन, ॲक्टिनोमायसिन आणि सायक्लोफॉस्फामाइड ही तीन औषधं एकत्र वापरात आली आणि चित्र फिरलं. अमेरिकेत १९७२ साली या गाठीसाठी अनेक रुग्णालयांनी मिळून एकत्रित अभ्यास सुरू केला. त्याच्या पहिल्या दोन टप्प्यांत पिशवी शाबूत राहिलेली मुलं साधारण चौथा हिस्सा होती. तिसऱ्या टप्प्यात केमो जोरकस झाली आणि रेडिएशन वेळेवर दिलं गेलं, तेव्हा हा आकडा साठ टक्क्यांच्या आसपास गेला. पिशवी वाचवली म्हणून जास्त मुलं दगावली असं झालं नाही. पिशवी-प्रोस्टेटच्या गाठीत, आजार दूर पसरलेला नसेल तर, आज दहातली आठच्या आसपास मुलं बरी होतात. काकांना सांगायचं असेल तर हे सांगा: आधी पिशवी काढल्याने मुलाच्या जिवाची शाश्वती वाढत नाही.

दुसरंही एक कारण आहे, ते लोकांच्या लक्षात येत नाही. स्कॅनमध्ये न दिसणाऱ्या पेशी रक्तातून फुप्फुसाकडे, हाडाच्या मगजाकडे निघालेल्या असू शकतात. त्यांना सुरी पोचत नाही, फक्त औषध पोचतं. मोठं ऑपरेशन झालं की जखम भरेपर्यंत, आतड्याचे जोड नीट बसेपर्यंत केमो तीन-चार आठवडे पुढे ढकलावी लागते. ते आठवडे त्या पेशींना फुकट मिळतात. म्हणजे ‘वेळ घालवणं’ हा शब्द वापरायचाच तर तो मंगळवारच्या ऑपरेशनला लागू पडतो.

तीन महिने गाठ नुसती ‘ठेवलेली’ नसते हेही घरात समजावून सांगा. दर तीन आठवड्यांनी औषध जातं. पहिल्या दोन फेऱ्यांतच बहुतेक मुलांची धार सुधारते, कुंथणं थांबतं. नवव्या ते बाराव्या आठवड्याच्या आसपास पुन्हा एमआरआय, पुन्हा दुर्बीण. लिंबाची सुपारी झालेली असते, कधी नुसता डाग उरतो. मग ट्युमर बोर्डात बालशल्यचिकित्सक, बालकर्करोगतज्ज्ञ, रेडिएशनचे डॉक्टर आणि पॅथॉलॉजिस्ट बसून ठरवतात की उरलेल्या भागावर सुरी, शेक (म्हणजे रेडिएशन) की दोन्ही. मध्ये गाठ वाढताना दिसली तर ही बैठक लवकर घेतात, बाराव्या आठवड्याची वाट पाहत नाहीत. हे तुमच्या डॉक्टरांना आजच विचारून ठेवा: ‘वाढली तर काय?’ ज्याच्याकडे याचं उत्तर तयार आहे, त्याच्याकडे मुलगा सोपवा.

मी स्वतः हे सगळं शहाणपण घेऊन जन्मलो नव्हतो. निवासी डॉक्टर असताना एका रात्री दोन वर्षांचा मुलगा आला, पोट टम्म, बारा तास शू नाही. खालून नळी जाईना. मी बेंबीखाली सुई टोचून पोटावरून पिशवीत नळी टाकली, मुलगा शांत झोपला, मीही खूश. सकाळी सोनोग्राफीत गाठ निघाली. सर ओरडले नाहीत, फक्त विचारलं, ‘आता त्या सुईच्या वाटेचं काय करणार?’ या गाठीत पोटावरून भोक पाडलं की पेशी त्या वाटेने पोटाच्या भिंतीत येऊ शकतात. पुढे ऑपरेशनच्या वेळी त्या मुलाची नळीभोवतालची कातडी आणि स्नायू काढावे लागले, शेकाचं क्षेत्रही वाढलं. तेव्हापासून लहान मुलाची शू अडली तर आधी पोटावर सोनोग्राफीचा प्रोब, मग बाकी सगळं. तुमच्या मुलाची पुन्हा अडली तर तातडीच्या विभागात कुणी पोटावरून नळी टाकायला निघालं, तर हा निदानाचा कागद पुढे करा आणि खालूनच, बारीक नळीने, जमेल त्या माणसाकडून प्रयत्न करायला सांगा.

आता तो दिवस येईल तेव्हाचं सांगतो. केमोनंतर गाठ घुमटाकडे किंवा बाजूच्या भिंतीवर, तोंडापासून लांब उरलेली असेल, तर पिशवीचा तेवढाच भाग काढतात. खालच्या पोटावर आडवी चीर, चड्डीच्या इलॅस्टिकखाली झाकली जाईल अशी. पिशवी बाहेर काढून चार धाग्यांवर ताणून धरतात. एक जण आतून दुर्बिणीचा दिवा लावतो, त्या उजेडात भिंत कंदिलाच्या कागदासारखी लालसर उजळते आणि गाठीची सावली बाहेरून दिसते. सावलीपासून लांब पिशवी उघडायची, मूत्रपिंडांकडून येणाऱ्या नळ्यांच्या तोंडांत बारीक ट्यूब सरकवायच्या म्हणजे टाका चुकून त्यांच्यावर पडणार नाही, आणि निरोगी भिंतीची पट्टी घेऊन गाठ अखंड काढायची. गाठ फोडायची नाही, तुकड्यातुकड्याने उपसायची नाही. कुणी ‘लॅप्रोस्कोपीने करू, डाग राहणार नाही’ म्हणालं तर या विशिष्ट गाठीसाठी मी नको म्हणेन. पोटात पेशी सांडायची भीती असताना डागाची चिंता मागे ठेवावी.

शिवण आपोआप विरघळणाऱ्या धाग्याची, दोन थरांत. नळी साधारण सात ते दहा दिवस. पालकांना सगळ्यांत अवघड जातात ते पहिले तीन दिवस, आणि त्याचं कारण जखम नसते. पिशवी आतल्या नळीवर आवळते. मुलगा एकाएकी पाय पोटाशी घेऊन किंचाळतो, नळीच्या बाजूने लघवी गळते, मिनिटभरात पुन्हा शांत होतो. आया धावत येतात, ‘टाका तुटला!’ टाका तुटलेला नसतो. त्यासाठी पिशवीचं आवळणं सैल करणारं ऑक्सिब्युटिनिन असतं, भूल देतानाच पाठीच्या तळाशी दिलेलं औषध असतं. नळी वाकलेली नाही ना, मुलाच्या अंगाखाली दबलेली नाही ना, एवढं मात्र दर वेळी बघायचं. अर्ध्या तक्रारी नळीवर झोपलेल्या मुलाच्या असतात.

नळी निघाली की पहिल्या दिवशी तो दर अर्ध्या तासाला जाईल. घाबरू नका. एका आईने मला वही दाखवली होती, देवपूजेच्या फुलपात्रात मोजून लिहिलेली: पहिल्या दिवशी ३०, ३५, ३० मिलिलिटर. दीड महिन्याने ७०. पुढच्या गणपतीत १२०. लहान मुलाची पिशवी मोठ्यांच्या मानाने जास्त दिलदार असते, बऱ्यापैकी भाग गेला तरी उरलेली ताणत ताणत जागा करते. शेक मिळालेली पिशवी मात्र एवढी ताणत नाही, हेही खरं.

तुमच्या मुलाची गाठ तळाशी आहे, म्हणून त्याच्या बाबतीत शेकाचा, म्हणजे रेडिएशनचा प्रश्न जास्त महत्त्वाचा ठरेल. डोस उरलेल्या गाठीनुसार साधारण ३६ ते ५० ग्रे (ग्रे हे शेक मोजायचं माप). पूर्ण ५०.४ ग्रे म्हणजे रोज थोडा थोडा, आठवड्यातून पाच दिवस, असे २८ दिवस, आणि एवढं लहान मूल हलता कामा नये म्हणून रोज हलकी भूल. सकाळी उपाशीपोटी न्यायचं, हे पालकांना केमोपेक्षा जड जातं. दुष्परिणाम खोटं बोलून लपवण्यात अर्थ नाही: माकडहाडाभोवतीच्या हाडांची वाढ खुंटू शकते, पिशवी आकसू शकते, पुढे पन्नास वर्षांत त्या जागी दुसरा कॅन्सर होण्याची जोखीम थोडी वाढते. प्रोटॉनचा किरण ठरलेल्या खोलीवर थांबतो, पलीकडच्या अवयवांना कमी लागतो, म्हणून लहान मुलांत त्याचा विचार होतो. खारघरला टाटा मेमोरियलच्या ॲक्ट्रेकमध्ये २०२३ पासून प्रोटॉन उपचार सुरू आहेत. ऐरोलीहून तुम्हाला ते जवळच. तुमच्या मुलाला प्रोटॉन हवा की साधा शेक पुरेल, हे तिथले डॉक्टर एमआरआय पाहून सांगतील. ‘प्रोटॉनच द्या’ असा हट्ट धरू नका. पॅरिसजवळच्या गुस्ताव रूसी संस्थेने आणखी एक वाट दाखवली आहे: दिसणारी गाठ सर्जननी काढायची आणि त्याच वेळी त्या जागी बारीक नळ्या ठेवून आतूनच शेक द्यायचा. पिशवीच्या तोंडाच्या आणि प्रोस्टेटच्या गाठींत त्यांनी यातून बऱ्याच मुलांच्या पिशव्या वाचवल्या. पण हे कसब मोजक्या ठिकाणी आहे.

आता इथे एक फसवी जागा येते, आणि इथेच आजही विनाकारण पिशव्या जातात. उपचार संपत आले, एमआरआयमध्ये दीड सेंटिमीटरचा गोळा तसाच दिसतोय, दुर्बिणीतून पुन्हा तुकडा काढला आणि रिपोर्टमध्ये पुन्हा ‘ऱ्हॅब्डोमायोब्लास्ट’, म्हणजे याच गाठीच्या पेशीचं नाव. घरचे कोसळतात, काही सर्जनही. पण केमो आणि शेकानंतर या पेशी कधी कधी मरत नाहीत, वयात येतात. वाढणं सोडून देतात, स्नायूच्या पेशीसारख्या पिकून नुसत्या बसून राहतात. अशा पिकलेल्या पेशी म्हणजे जिवंत कॅन्सर नव्हे. पॅथॉलॉजिस्टला नेमकं विचारायचं: पेशी पक्व आहेत का, विभागणी चालू दिसते का? पक्वच असतील तर मी तीन-तीन महिन्यांनी दुर्बीण आणि स्कॅन करत थांबतो. आणि म्हणूनच पिशवी काढायचा निर्णय ऑपरेशन टेबलावर गोठवलेल्या तुकड्याच्या घाईच्या रिपोर्टवर घ्यायचा नसतो. केमोनंतरच्या पेशी त्या घाईत नीट वाचता येत नाहीत.

मग पिशवी काढायची वेळ कधीच येत नाही का? येते. केमो आणि शेक दोन्ही होऊन गाठ जिवंत आहे, किंवा मधेच वाढतेय, किंवा परत आलीय. तेव्हा काढावी, आणि तेव्हा कच खाऊ नये. जीव पहिला, पिशवी नंतर. त्या वेळी लघवीची वाट नव्याने करावी लागते. आधी साधी सोय करतात, आतड्याच्या छोट्या तुकड्यातून पोटावर तोंड काढून बाहेर पिशवी चिकटवतात. खालच्या पोटाला शेक मिळालेला असेल तर लहान आतड्याऐवजी वरच्या आडव्या आतड्याचा तुकडा घेतात, कारण शेकलेलं आतडं नीट जुळत नाही. सगळे अंतिम रिपोर्ट स्वच्छ आले, दोन-एक वर्षं गेली, की आतड्याची नवी पिशवी शिवतात आणि अपेंडिक्सची बारीक वाट बेंबीतून बाहेर काढतात. ही युक्ती पॉल मित्रोफानॉफ या फ्रेंच सर्जनने १९८० साली मांडली, म्हणून तिला त्याचंच नाव. मुलगा दर तीन-चार तासांनी बेंबीतून नळी घालून पिशवी रिकामी करतो, शाळेत जातो, क्रिकेट खेळतो. पण आतडं लघवीतही चिकट स्राव सोडत राहतं, रोज पिशवी धुवावी लागते, नाही तर खडे होतात. रक्तातली आम्लता, बी-१२ जन्मभर बघावं लागतं. माझ्याकडची अशी एक मुलगी आता कॉलेजात आहे, तिच्या दप्तरात पुस्तकांबरोबर नळ्यांचा डबा असतो आणि ती त्याबद्दल मला जितकं सहज बोलते तितकं मैत्रिणींना बोलत नाही. गरज नसताना हे साडेतीन वर्षांच्या पोराला का द्यायचं?

हे वाचणाऱ्या इतर पालकांसाठी थोडं. पिशवीत गाठ दिसली म्हणजे ती हीच, असं अजिबात नाही. बारा-पंधरा वर्षांच्या मुलाला न दुखता लाल लघवी झाली आणि दुर्बिणीत एका देठावर फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी एकुलती गाठ दिसली, तर ती बहुधा अस्तराची सौम्य गाठ असते. दुर्बिणीतूनच मुळापासून खरवडतात, मुलगा एक-दोन दिवसांत घरी. केमो नाही, शेक नाही. मोठ्यांसारखी ती वारंवार उगवतही नाही, म्हणून त्याला उठसूट भूल देऊन दुर्बीण घालण्यापेक्षा मी भरल्या पिशवीची सोनोग्राफी ठरावीक काळाने करणं पसंत करतो. सुजेतून झालेली स्नायूची एक गाठ दिसायला भयंकर आणि वागायला बरीच शहाणी असते. तेवढा भाग काढला की बहुतेकदा काम होतं. रक्तवाहिन्यांचा गोळा असेल तर तुकडा काढायला जाऊच नये, धो धो रक्त येतं. मुलाच्या मांडीवर, ढुंगणावर जन्मखुणेसारखे लाल-जांभळे चट्टे आहेत का ते आधी बघावं. आणि एक दुर्मिळ पण लक्षात ठेवण्यासारखी: मूल लघवी करताना किंवा लगेच नंतर घामाघूम होतं, डोकं धरतं, छातीत धडधडतं, कधी चक्कर येऊन पडतं. ती रक्तदाब वाढवणारी रसायनं सोडणारी गाठ असू शकते. तयारीशिवाय तिला चिमटा लावला तर रक्तदाब टेबलावरच आभाळाला भिडतो. ‘शू करताना त्याला काय होतं?’ हा प्रश्न मी प्रत्येकाला विचारतो, ‘काही नाही’ असं उत्तर शंभरदा ऐकूनही. काही वेळा तर ती गाठ नसतेच. नुसती पिशवीची सूज इतकी जाड होते की सोनोग्राफीवाला प्रामाणिकपणे ‘मास’ लिहितो. ॲलर्जीची सूजही असं सोंग आणते. म्हणून तुकड्याच्या रिपोर्टशिवाय कुणीही कॅन्सर हा शब्द उच्चारू नये, आणि कुणी कापूही नये.

पुन्हा ऐरोलीकडे. या आठवड्यात काय करायचं ते सांगतो. जिथे तुकडा काढला तिथल्या पॅथॉलॉजीतून ब्लॉक आणि स्लाइड दोन्ही मागून घ्या. नुसता छापील रिपोर्ट चालत नाही. मेणात बसवलेला तो अंगठ्याएवढा ब्लॉक तुमच्या मुलाचा आहे, मागायला लाजू नका, पावती सही करून घ्या. परळला टाटात किंवा लहान मुलांच्या कॅन्सरचं काम रोज करणाऱ्या दुसऱ्या केंद्रात तो पुन्हा वाचून घ्या. गाठ एम्ब्रायोनल की अल्व्हिओलर (याच गाठीचा जास्त आडदांड प्रकार) हे तिथे पक्कं होतं. गरज वाटली तर ते फॉक्सओ-वन जनुकाची तपासणी लावतात, आणि त्यावर केमोची ताकद ठरते. छातीचा सीटी आणि सांगतील त्याप्रमाणे हाडाच्या मगजाची तपासणी किंवा पेट स्कॅन केमोच्या आधी व्हायला हवं, नंतर केलं तर सुरुवातीला आजार कुठवर होता ते कळायची वाट बंद होते. खर्चाचं म्हणाल तर महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला पहिल्याच दिवशी भेटा, उपचार सुरू झाल्यावर धावाधाव नको. शहापूर-मुरबाडसारख्या लांबच्या गावाहून येणाऱ्यांनी समाजसेवा विभागात राहण्याच्या सोयीचंही विचारावं. सेंट ज्यूड इंडियासारख्या संस्था उपचारांच्या काळात मुलाला आणि पालकांना विनामूल्य ठेवून घेतात.

केमोत घरी काय सांभाळायचं ते थोडक्यात. व्हिन्क्रिस्टीनने शौचाला खडा होतो, पहिल्या दिवसापासून पातळ करणारं औषध द्या. पाऊल आपटत चालायला लागला तर कळवा. सायक्लोफॉस्फामाइड पिशवीलाच भाजतं, म्हणून त्याबरोबर मेस्ना आणि भरपूर सलाइन देतात. त्या दिवसांत लघवी लाल झाली तर ‘गाठ परत फुटली’ असं समजून रडू नका, पण फोन करा. काउंट पडलेल्या, म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी झालेल्या मुलाला सकाळच्या ठाणे-पनवेल लोकलमध्ये घुसवू नका, रिक्षाचे पैसे जातील ते जाऊ द्या. ताप १००.४ फॅरनहाइटला पोचला की घरी औषध देऊन सकाळपर्यंत थांबायचं नाही, रात्री दोन वाजले तरी निघायचं. पावसाळ्यात रेल्वे बंद पडली, रस्ते तुंबले तर परळ गाठता येणार नाही, म्हणून घराजवळच्या एका रुग्णालयात मुलाची फाइल आताच दाखवून ठेवा. आणि पुढे मुलं होतील का, हे विचारायला तुम्हाला लाज वाटतेय असं तुमच्या पत्रावरून दिसतं. सायक्लोफॉस्फामाइडने शुक्राणू कमी होऊ शकतात, किती ते एकूण डोसवर आहे. एवढ्या लहान मुलाचे शुक्राणू साठवता येत नाहीत. तरी केमोच्या आधी हा प्रश्न डॉक्टरांना सरळ विचारा, उत्तर फाइलमध्ये लिहून घ्या.

एक वही घाला. डावीकडे वेळ, उजवीकडे मिलिलिटर, शेवटी रंग: पिवळी, चहासारखी, लाल. सोपं माप हवं तर खोकल्याच्या औषधाबरोबर येणारं छोटं प्लास्टिकचं झाकण वापरून घरातल्या एका फुलपात्रावर आतून खुणा करून घ्या आणि ते फुलपात्र दुसऱ्या कशाला वापरू नका. आज रात्री सुरू करा. बाराव्या आठवड्याला दुर्बीण करणारा सर्जन एमआरआयच्या आधी ती वही मागेल, निदान मी तरी मागतो.